आपल्या घरचा महागाई निर्देशांक वहीत कसा काढावा

भाव चढला की आमच्या नागपूरच्या गोकुळपेठ बाजारातले भाजीवाले किलोवरून पावावर येतात. हिवाळ्यात "टमाटर वीस रुपये किलो" असं ओरडणारा तोच माणूस पावसाळ्यात "पंधरा पाव, ताई" म्हणतो. कानाला पंधरा हा आकडा वीसपेक्षा लहान वाटतो, पण हिशोब साठ रुपये किलोचा असतो. त्यातच पूर्वी पिशवीत वरून पडणारा सांबार (कोथिंबीर) आणि चार मिरच्या, त्यांचेही आता वेगळे पैसे. हे सगळं आईच्या लक्षात असतं. म्हणून टीव्हीवर "महागाई घटली" अशी बातमी आली की ती म्हणते, "कुठं घटली?"

बातमीही खरी असते आणि आईही. दोघींच्या टोपल्या, म्हणजे ज्यांचे भाव मोजायचे त्या वस्तूंच्या याद्या, वेगळ्या आहेत, एवढंच. मी काही वर्षांपासून आमच्या घरचा निर्देशांक एका साध्या वहीत काढते. महिन्याला अर्धा तास लागतो, आणि पाचवी-सहावीचं गणित पुरतं.

आधी एक गैरसमज दूर करू, कारण सगळे वाद तिथूनच सुरू होतात. महागाईचा दर कमी झाला म्हणजे भाव उतरले असं नाही. शंभर रुपयांची वस्तू एका वर्षात 110 ला गेली आणि पुढच्या वर्षी 113 ला, तर दर 10 टक्क्यांवरून 2.7 टक्क्यांवर आला. भाव मात्र चढलेलाच आहे, फक्त चढण्याचा वेग मंदावला. निर्देशांक म्हणजे तुम्ही किती उंचीवर आहात ते, आणि दर म्हणजे गेल्या वर्षभरात किती चढलात ते. बातमीत दर सांगतात, खिशाला उंची जाणवते.

पहिली पायरी: टोपली ठरवा

तीन महिने घरातला प्रत्येक खर्च लिहा. एकच महिना घेतला तर फसगत होते. त्यात लग्नाचा आहेर किंवा शाळेची फी येऊन बसते. तीन महिन्यांची सरासरी काढा, आणि वर्षातून एकदाच होणारा खर्च बाराने भागून त्यात मिळवा. मग गट पाडा. समजण्यापुरतं एक घर घेऊ, महिन्याचा खर्च 24,000 रुपये:

किराणा 6,000
भाजी-फळं 3,600
दूध 2,400
वीज आणि गॅस 2,400
घरभाडं 6,000
पेट्रोल, ऑटो 1,200
औषधं, शाळा, मोबाइल वगैरे 2,400

प्रत्येक गटाचा एकूण खर्चातला वाटा म्हणजे त्याचं वजन, इंग्रजीतला 'वेट'. इथे किराणा 25, भाजी 15, दूध 10, वीज-गॅस 10, भाडं 25, पेट्रोल 5, बाकी 10. बेरीज 100 आली पाहिजे.

सरकारही हेच करतं, फक्त देशभराच्या कुटुंबांच्या खर्चाची पाहणी करून. 2012 आधार वर्षाच्या, म्हणजे 2012 चे भाव 100 धरून काढलेल्या, ग्राहक किंमत निर्देशांकात खाद्यपदार्थ आणि पेयांचं वजन ग्रामीण भागासाठी 54.18, शहरी भागासाठी 36.29 आणि दोन्ही मिळून 45.86 होतं. 2026 मध्ये 2024 आधाराची नवी मालिका आली तेव्हा हे वजन खाली आलं, कारण लोकांच्या खर्चात खाण्याचा वाटा घटला आहे. कमी पगाराच्या घरात खाण्याचा वाटा मोठा असतो, म्हणून भाजी-डाळ भडकली की त्या घराची महागाई सरकारी आकड्याच्या वर जाते. तुमचा वाटा किती आहे, हे या पायरीवरच कळतं.

दुसरी पायरी: भाव टिपा, पण एकाच मापाने

निर्देशांक बिघडतो तो इथे, गणितात नाही. तोच बाजार, तोच वार, तीच प्रत, तेच माप. महिन्याचा दुसरा रविवार ठरवला तर दुसराच रविवार. एकदा कळमन्याच्या ठोक बाजारातला आणि एकदा धरमपेठेतल्या दुकानातला भाव घेतला, तर तुम्ही महागाई नाही, दोन बाजारांमधलं अंतर मोजत आहात.

प्रत नेमकी लिहा. 'तांदूळ' असं लिहून भागत नाही. नागपुरात बऱ्याच घरांत एचएमटी शिजतो. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी निवडून तयार केलेलं हे वाण. पण एचएमटी नवा की जुना? जुना तांदूळ मोकळा शिजतो आणि महाग असतो. जानेवारीत नवा आणि पुढच्या जानेवारीत जुना लिहिला, तर काहीही महाग न होता तुमचा निर्देशांक उडी मारेल. माझ्या वहीत 'एचएमटी, जुना, कट्ट्यातला (पोत्यातला), इतवारी बाजार' असं लिहिलेलं असतं. तेलाचंही तसंच. फल्ली (शेंगदाणा) तेल आणि सोयाबीन तेल यांच्या भावात बरंच अंतर असतं, तेव्हा घरात येतं तेच लिहा.

पाकिटबंद वस्तूंचा भाव नेहमी ग्रॅमवर काढा. बिस्किटाचा पुडा पाच रुपयालाच राहतो, पण आतली बिस्किटं कमी होतात. 100 ग्रॅमचा पुडा 80 ग्रॅमचा झाला, तर भाव 25 टक्क्यांनी वाढला आहे, छापील किंमत काहीही असो.

आणि महालक्ष्मीच्या (गौरींच्या) जेवणाच्या दिवसांत भाजीचा भाव टिपू नका. सोळा भाज्यांसाठी अख्खं शहर बाजारात उतरलेलं असतं, त्या दिवशीचा भाव महिन्याचा भाव नव्हे. संत्र्यांसारखी हंगामी फळं बहाराच्या महिन्यांतच धरा आणि मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडून पाहा.

विजेचं काय?

हा मुद्दा नागपूरकरांसाठी वेगळा सांगायला हवा. मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, कूलर रात्रंदिवस फिरतो आणि बिल दुप्पट होतं. पण ती महागाई नाही. तुम्ही जास्त युनिट वापरले. निर्देशांकात वापर बांधून ठेवायचा असतो आणि फक्त भाव हलू द्यायचा. म्हणून हातात आलेलं बिल वहीत लिहू नका. समजा 150 युनिट धरले, तर दर महिन्याला बिलामागच्या दरपत्रकावरून 150 युनिटांचं बिल किती झालं असतं ते काढा, स्थिर आकारासकट. मग दरवाढ झाली तर ती स्वच्छ दिसेल, आणि कूलरचा खर्च तिच्यात मिसळणार नाही. बिल वाढलं म्हणून चिडायचं की कूलरची वेळ कमी करायची, हेही तेव्हाच ठरवता येतं.

घरभाड्यातही अशीच एक खाच आहे. करार अकरा महिन्यांचा आणि दर करारात 10 टक्के वाढ, असं ठरलेलं असेल तर वर्षाची वाढ 10 नाही, जवळपास 11 टक्के पडते, कारण बारा महिने भरायच्या आतच पुढची वाढ लागते.

तिसरी पायरी: गणित

पहिल्या महिन्याला 100 माना. तो तुमचा आधार महिना. गटाच्या आत, म्हणजे भाजीत, ठरलेलं प्रमाण घ्या: दोन किलो आलू, दोन किलो कांदे, एक किलो टमाटर, अर्धा किलो वांगी, आणि हो, सांबाराची जुडीसुद्धा, जरी आधार महिन्यात ती फुकट मिळाली असली तरी. तेवढ्याच भाजीला आज किती पैसे लागतात ते आधार महिन्याच्या रकमेने भागा आणि 100 ने गुणा. जुनं प्रमाण कायम ठेवून नवे भाव लावण्याची ही रीत जर्मन अर्थतज्ज्ञ लास्पेयर यांनी 1871 मध्ये मांडली. आपल्या सरकारी निर्देशांकाचा पायाही तीच.

तुलना नेहमी आधार महिन्याशी करा. दर महिन्याचे टक्के एकमेकांत मिळवत जाऊ नका. टमाटर 20 वरून 40 ला गेला, तर 100 टक्के वाढ. परत 20 वर आला, तर 50 टक्के घट. दोन्ही मिळवले तर 50 टक्के महागाई दिसते, आणि भाव तर होता तिथेच आहे.

आपल्या नमुन्याच्या घरात वर्षानंतर गटांचे आकडे असे आले समजा: किराणा 104, भाजी 120, दूध 105, वीज-गॅस 103, भाडं 110, पेट्रोल 100, बाकी 106. प्रत्येक आकडा त्याच्या वजनाने गुणून 100 ने भागा. मिळतात 26, 18, 10.5, 10.3, 27.5, 5 आणि 10.6. बेरीज 107.9. म्हणजे या घराची वर्षाची महागाई 7.9 टक्के.

आता बेरीज उलगडून पाहा, मला यातला हाच भाग सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. भाजी 20 टक्क्यांनी वाढली, तिने 3 अंक दिले. भाडं फक्त 10 टक्क्यांनी वाढलं, तरी त्याने 2.5 अंक दिले. भाजीवर घरात रोज बोलणं होतं, भाड्यावर वर्षातून एकदा; खिशावरचा भार मात्र जवळपास सारखाच. भाजी दोन महिन्यांत उतरेलही, भाडं उतरत नाही.

चौथी पायरी: कोणत्या सरकारी आकड्याशी ताडायचं

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाचा ग्राहक किंमत निर्देशांक दर महिन्याच्या 12 तारखेच्या सुमारास येतो. त्यात शहरी, ग्रामीण आणि राज्यवार आकडेही असतात. नागपूरच्या घराने महाराष्ट्राचा शहरी आकडा पाहावा. रिझर्व्ह बँकेचं 4 टक्क्यांचं लक्ष्य, वर-खाली 2 टक्क्यांची मुभा धरून, याच निर्देशांकाच्या देशपातळीच्या एकत्रित आकड्यावर बेतलेलं आहे.

औद्योगिक कामगारांसाठीचा निर्देशांक लेबर ब्युरो काढतं. 2016 आधार असलेल्या त्या मालिकेत देशातली 88 केंद्रं आहेत आणि नागपूर त्यांतलं एक. आपल्या शहराचा स्वतंत्र आकडा तिथे मिळतो. केंद्रीय कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता याच मालिकेच्या अखिल भारतीय सरासरीवर ठरतो.

घाऊक किंमत निर्देशांकाशी घरची तुलना करू नका. त्यात कारखान्याच्या मालाचं वजन 2011-12 च्या मालिकेत 64.23 आहे आणि सेवा मुळीच नाहीत. ना शाळेची फी, ना डॉक्टरांची, ना घरभाडं.

हा आकडा वापरायचा कसा

पगार 25,000 वरून 26,500 झाला, म्हणजे 6 टक्के वाढ. 26,500 ला 1.079 ने भागा: 24,560. गेल्या वर्षीच्या रुपयांत पगार 440 रुपयांनी घटला आहे. पगारवाढीचं बोलताना हा कागद समोर ठेवा. मुदत ठेवीचं व्याजही असंच तपासा. आईच्या पेन्शनचा हिशोब मी दर दिवाळीला याच पद्धतीने करते आणि औषधांसाठी महिन्याला किती जास्त बाजूला ठेवायचं ते त्यावरून ठरवते.

चार-पाच वर्षांनी टोपली जुनी होते. मुलगी कॉलेजला जाते, स्कूटर येते, कोणाला शुगर निघते. तेव्हा नवी वजनं काढा, पण एक महिना दोन्ही टोपल्यांचे भाव टिपा. जुन्या टोपलीचा निर्देशांक त्या महिन्यात 131.4 असेल आणि नवीचा 100, तर पुढचे नवे आकडे 1.314 ने गुणले की जुन्या मालिकेला जोडले जातात. लेबर ब्युरोने 2001 ची मालिका 2016 च्या मालिकेला जोडताना असाच 2.88 हा गुणक दिला होता. तुमचा गुणक नव्या वहीच्या पहिल्या पानावर, आधार महिन्याच्या शेजारी लिहून ठेवा.