ओला कचरा वेगळा येत नाही? या चुका टाळा

फेब्रुवारी २०१८मध्ये, शहराचा कचरा जिथं टाकला जायचा त्या नारेगावच्या लोकांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या आणि आमच्या शहरात, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादेत, चौकाचौकात ढीग साचले. तेव्हापासून मी दारोदार ओला-सुका समजावत फिरते. नवे कार्यकर्ते येतात आणि हमखास याच चुका करतात.

पहिली चूक म्हणजे बोलण्याआधी बादल्या वाटणं. एका वसाहतीत आम्ही दोन दिवसांत घरोघर हिरव्या-निळ्या बादल्या दिल्या, फोटो काढले. आठवड्यानं गेले तर बहुतेक हिरव्या बादल्यांत पाणी भरलेलं! नळ पाच-सहा दिवसांआड येतो, तिथं नव्याकोऱ्या बादलीत खरकटं कोण टाकणार? एक मावशी म्हणाल्या, "ताई, नळ नवाला येतो अन् घंटागाडीबी नवालाच. हंडा सोडून कचरा घिऊन पळू का?" हे आम्ही कुणालाच विचारलं नव्हतं. मग नळाच्या दिवशी गाडी अकराला आणायची ठरवली आणि बाया आपणहून बाहेर येऊ लागल्या. आता मी आधी तीनच गोष्टी विचारते: पाणी कधी येतं, कामाला कधी निघता, शिळी भाकरी कुठं जाते. ती गायीला जात असेल तर जाऊ द्या, तो कचरा नाहीच. बादलीचं शेवटी बघू. जुना डबाही चालतो.

दुसरी चूक याहून महाग पडते. घरानं वेगळा दिलेला कचरा बदली चालकानं सगळ्यांसमोर एकाच कप्प्यात ओतला, की महिन्याची मेहनत गेली. म्हणून पहिले पंधरा दिवस मी स्वतः गाडीमागं चालते. एवढा वेळ नसेल त्यांनी हे काम हातात घेऊ नये. आठ दिवसांत गल्ली सुधारायला निघालेले नवव्या दिवशी दिसत नाहीत.

दंडाची धमकी पहिल्याच भेटीत देऊ नका, पुढच्या वेळी दार उघडत नाही.

ओला कचरा कॅरीबॅगेत गाठ मारून घेऊ नका. जनावरं पिशवीसकट खातात.

डायपर आणि सॅनिटरी पॅड ओल्यात नकोत. कागदात गुंडाळून वेगळे द्यायला सांगा.

घरच्या खताला वास सुटला तर पावडरी विकत आणू नका. बहुतेक वेळा ओल जास्त झालेली असते. मी दर थराला दोन मुठी वाळला पाचोळा किंवा भुसा टाकते आणि चार दिवसांनी काठीनं हलवते.