शिकवणीहून अंधारात परतणारी मुले आणि त्यांची सायकल

डिसेंबरमध्ये पुण्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि शिकवणी सुटते सात-साडेसातला, त्यामुळे उन्हाळ्याच्या सुट्टीत लख्ख उजेडात सायकल शिकलेली मुले आता रोज अंधारातून घरी येतात. अशा वेळी मुलाला रस्ता दिसणे आवश्यक असतेच, पण मागून येणाऱ्याला मूल दिसणे त्याहून आवश्यक असते, कारण ताशी ४० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात सुमारे ११ मीटर अंतर कापते.

म्हणून पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा बसवावा; दोन्हींपैकी मागच्या दिव्याची हयगय मुळीच करू नये. मडगार्डवर रिफ्लेक्टर आहे, तेवढा पुरे, असे अनेक पालक समजतात. परंतु रिफ्लेक्टरला स्वतःचा उजेड नसतो. मागच्या गाडीचा प्रकाश पडला तरच तो चमकतो, आणि दिवा न लावता येणाऱ्या दुचाकीपुढे त्याचा काहीच उपयोग होत नाही. साधा डायनॅमो चाक थांबताच दिवा विझवतो, म्हणजे चौकात मूल थांबलेले असते नेमके तेव्हाच. त्यामुळे सेलवर किंवा चार्जिंगवर चालणारा दिवा बरा.

दिवा बसवल्यावर एक परीक्षा अवश्य घ्यावी. अंधार पडल्यावर मुलाला दप्तरासकट सायकलवर बसवावे आणि आपण पन्नास पावले मागे जाऊन पाहावे. माझ्या मुलीच्या सायकलीचा दिवा सीटखालच्या दांड्यावर होता. तो व्यवस्थित चालू होता, पण भरलेले दप्तर त्याच्यासमोर लोंबत असल्याने मला फक्त एक काळी आकृती दिसली. मग दिवा कॅरिअरच्या मागच्या टोकाला हलवला आणि दप्तरावर चमकणारी पट्टी शिवली. पावसाळ्यात रेनकोटची झूलही असाच घोटाळा करते.

हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटांवर, आडवे सपाट बसावे, त्याचे पट्टे कानाच्या खाली एकत्र यावेत आणि हनुवटीखाली जेमतेम एक-दोन बोटे शिरावीत. जोराने आपटलेले हेल्मेट वरून धड दिसले तरी बदलावे, कारण आतला फोम दबलेला असतो. सायकल मात्र ‘वाढत्या अंगाची’ घेऊ नये. असा हिशेब कपड्यांत चालतो. सायकलीवर मुलाची पावले जमिनीला टेकत नसतील आणि बोटे ब्रेकपर्यंत पोहोचत नसतील, तर ते ऐनवेळी थांबणार कसे?

मुलांनी डाव्या बाजूनेच चालवावे, उभ्या मोटारींपासून उघड्या दारापलीकडे राहील इतके अंतर राखावे, कारण दार अचानक उघडते, आणि अंधारात डबलसीट घेऊ नये. पहिले काही दिवस पालकांनी स्वतः सोबत जाऊन खड्डे कुठे आहेत आणि कोणत्या वळणावरचे दिवे बंद असतात ते पाहून ठेवावे, आणि पाच मिनिटे जास्त लागली तरी उजेडाच्या गल्लीनेच यायचे, असे मुलाशी ठरवून घ्यावे.