गावात जादू किती असावी? आधी गुडबेरीचा हिशोब करा

डंजन्स अँड ड्रॅगन्स या कल्पनेतल्या जगात रंगणाऱ्या खेळात गोष्ट चालवणारा तो डीएम (डंजन मास्टर). नवा डीएम जग रचायला बसला की हमखास विचारतो, किती टक्के लोकांना जादू येते असं ठेवू? टक्क्यांनी काही ठरत नाही. मी गोव्यात फोंड्याला फार्मसी चालवते आणि रविवारी दुपारी दुकान बंद करून याच खेळाचा डाव घेते. माझी पद्धत साधी आहे. एक गाव घ्यायचं, त्यात जादू येणारा एकच माणूस सोडायचा आणि कोणाचा धंदा बसतो ते बघायचं.

माझं गाव बहुतेक वेळा खाजन जमिनीचं, म्हणजे खाडीकाठी बांध घालून राखलेल्या शेतीचं असतं. बांध आहे, मानस (पाणी आत-बाहेर सोडायचं दार) आहे, बांध फुटला की खारं पाणी भातशेतीत. अशा गावात पहिल्या लेव्हलचा, म्हणजे अगदी नवशिका ड्रुइड (निसर्गाची जादू करणारा) आणा. खेळाच्या २०१४च्या नियमांत त्याला दिवसाला पहिल्या लेव्हलचे २ स्लॉट, म्हणजे स्पेल (मंत्र) टाकायच्या दोन खेपा मिळतात. गुडबेरी नावाचं स्पेल एकदा टाकलं की १० फळं निघतात आणि एका फळावर एक माणूस दिवसभर तगतो. म्हणजे हा कालचा पोरगा एक दाणा न पेरता रोज २० माणसं पोसतो. असे १५ जण असले तर ३०० वस्तीचं गाव बांधाकडे ढुंकूनही बघणार नाही. तुम्ही महिनाभर डोकं खपवून लिहिलेलं दुष्काळाचं कथानक पहिल्याच दिवशी आडवं.

दुष्काळ हवाच असेल तर ड्रुइड एकच ठेवा आणि ती २० फळं कोणाला जायची याचा निर्णय कोमुनिदादीच्या (गावाची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या संस्थेच्या) बैठकीवर सोडा. भांडण लावायला तुम्हाला फासेसुद्धा टाकावे लागणार नाहीत. साथीच्या रोगाचंही तेच. तिसऱ्या लेव्हलच्या क्लेरिकला (देवाच्या नावानं जादू करणाऱ्या पुजाऱ्याला) लेसर रिस्टोरेशन हे रोग बरा करणारं स्पेल दिवसाला दोनदाच टाकता येतं. दोन रोगी बरे होतात, बाकीचे रांगेत. रांगेत लोक कसे वागतात हे काउंटरमागून मी रोज बघते, त्यामुळे ही रांग मी फार आवडीनं चालवते.

मग पैशांचा हिशोब करा. नियमांच्या पुस्तकात साध्या मजुराची रोजची मजुरी चांदीची २ नाणी, आणि १० चांदीचं १ सोनं. न विझणारी ज्योत लावणाऱ्या कंटिन्युअल फ्लेमला ५० सोन्याची माणकाची पूड जळते, म्हणजे २५० दिवसांची मजुरी. असा दिवा देवळाच्या दीपस्तंभावर शोभेल, दुसऱ्याच्या जमिनीवर राहणाऱ्या मुंडकाराच्या झोपडीत नाही. मेलेल्याला उठवणाऱ्या रेझ डेडला ५०० सोन्याचा हिरा लागतो: २५०० दिवस, जवळजवळ सात वर्षं. मुंडकार मेला की मेला. त्याचा जमीनमालक भाटकार मात्र परत उठून बसेल आणि खंड मागेल. शिवाय हे स्पेल मृत्यूनंतर १० दिवसांपर्यंतच चालतं. आमच्याकडे दहावं-अकरावं असतंच, तेव्हा अशा जगातले वारस अकराव्याच्या सकाळपर्यंत वाटणीचं नाव काढणार नाहीत, आणि एखादा मुलगा हिरा 'सापडत नाही' म्हणून सांगेल. माझं एक अख्खं कॅम्पेन (अनेक डावांची सलग गोष्ट) यावर चाललंय.

खून कोणी केला हे शोधायची गोष्ट असेल तर झोन ऑफ ट्रुथ या स्पेलपासून जपा. १५ फूट त्रिज्येच्या वर्तुळात १० मिनिटं, पकडीत आलेल्याला जाणूनबुजून खोटं बोलता येत नाही, आणि समोरचा स्पेलच्या पकडीत आला की सुटला हेही टाकणाऱ्याला कळतं. गप्प राहायची किंवा आडवळणानं बोलायची सोय तेवढी उरते. असा क्लेरिक गावातच राहत असेल तर तुमचा तपास एका दुपारचा. त्याला चार दिवसांच्या वाटेवर ठेवा आणि गावात म्हार्दोळच्या म्हाळसा देवीच्या देवळातल्यासारखी घंटा टांगा. त्या घंटेला लोलक नसतो. सांगतात की साक्ष घ्यायची असली तरच तो लावत, आणि खोटं बोलणारा तीन दिवसांत मरे. तुमच्या घंटेत जादू आहे की नाही हे डीएम म्हणून तुम्हीसुद्धा ठरवू नका. साक्षीदाराला घाम फुटला की काम झालं.

माझा कल इथंच आहे: जादू पातळ, विश्वास घट्ट. वेशीवरच्या देवचाराला (गावाच्या अदृश्य राखणदाराला) रोट आणि सोरो (दारू) ठेवणारे पुष्कळ, पण तो पाहिलेला माणूस काही भेटत नाही. भेटतो तो पाहिलेल्याचा मेव्हणा.

तुम्हाला सर्रास जादू आवडत असेल तर मात्र हात आखडू नका. या खेळाच्या २००४च्या एबेरॉन या तयार जगात जादूवर आगगाडी धावते, रस्त्यांवर जादूचे दिवे आहेत. मोठी स्पेलं येणारे लोक तरीही थोडेच. १९९१च्या डार्क सन या जगात जादू आजूबाजूची झाडंझुडपं जाळून खाते, म्हणून लोक जादूगाराचा द्वेष करतात. दोन्हीकडे परिणाम शेवटपर्यंत नेलेत. अर्धवट जग नको: राजाकडे उडते गालिचे आणि निरोप मात्र घोडेस्वार नेतोय.

जादू दुर्मीळ ठेवलीत म्हणून खेळाडूचा विझार्ड (जादूगार पात्र) कापू नका. त्यानं हौसेनं घेतलेला असतो. त्याला आधीच सांगून ठेवा, 'बाबा, बाजारात एकदा हात चमकवलास तर उद्या तुझ्या दारात आजारी म्हशी घेऊन अर्धा गाव उभा असेल.' आणि खरंच उभा करा.

राहिलं दुकान. ५० सोन्याची हीलिंग पोशन (जखमा भरणारं औषध) तेवढी विकायला ठेवा. बाकी काही मागितलं तर माल संपलाय, मंगळवारी येईल म्हणायचं. तुमच्या जगात मंगळवार कधी येतो ते तुमच्या हातात आहे.