आवडता गेम ठरवताना आठवणी किती धरायच्या आन् गेम किती

सगळ्यात आवडता जुना व्हिडिओ गेम कोणता म्हटलं की आपल्याकडचे अर्धे पोट्टे मुस्तफा म्हणतात आन् अर्धे कॉन्ट्रा, पण भाऊ त्यात गेम किती आन् यात्रेतली मजा किती, हे वेगळं काढल्याशिवाय उत्तर पक्कं होत नाही.

आधी मोबाईलवर एमुलेटर, म्हणजे जुने गेम चालवणारं ॲप, टाका, आवाज बंद करा आन् एकट्यानं खेळा. आवाज काहून बंद? अबे ती ट्यून वाजली की डोकं चाललं ना उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत, मग खाक डिझाइन दिसते.

खेळताना मेलात की थांबा आन् पहा, कशानं मेलो ते समजलं का. 1985 चा सुपर मारिओ ब्रदर्स घ्या. सुरुवातीलाच समोरून तो गुंबा नावाचा दुश्मन येतो, उडी नाही मारली की खल्लास, बस, उडी शिकलात. पुढं प्रश्नचिन्हाच्या डब्यातून मशरूम निघते, उजवीकडं जाते, पाइपाला धडकून परत तुमच्याकडंच येते, लागली की मारिओ मोठा. एक अक्षर न लिहिता सगळं शिकवलं, याले म्हणतात डिझाइन.

मुस्तफाचं वेगळं. खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, कॅपकॉमचा 1993 चा गेम, बनला कॉइनच्या मशीनसाठी, म्हणजे तुमचे पैसे संपले पाहिजे हा हिशोब त्यात आहेच. मोबाईलवर कॉइन फुकट, म्हणून कसाही संपते. चारच कॉइन घेऊन बसा मग कळते. पळत येऊन हाणलेली लाथ आजही लय भारी वाटते, पण एकट्यानं खेळलं तर मधात बोर होते, गेम तीन जणांचाच आहे तो. कॉन्ट्राचंही तसंच, 30 लाइफचा कोड मारू नका, 3 वरच खेळा.

मग घरातल्या फ्रीफायरवाल्या पोट्ट्याच्या हातात द्या, काही सांगू नका. ग्राफिक्सले हसू द्या, हसून झाल्यावर परत खेळतो का तेवढं पहा.

आठवणीचे मार्क मी शून्य नाही करत, दोन गेम बरोबरीत आले तरच धरतो.

डक हंटले मात्र ही परीक्षा लावू नका. त्याची बंदूक जुन्या डब्बा टीव्हीवरच चालते, एलईडीवर एक बदक पडत नाही, त्यात गेमचा काय दोष.