बारीक चेहऱ्याला मिनी फेसलिफ्ट मानवेल का? आधी हे तपासा

मिनी फेसलिफ्ट म्हणजे छोट्या छेदातून ओघळलेला चेहरा वर उचलण्याची शस्त्रक्रिया. बारीक चेहऱ्याला ती मानवेल का, हे एका प्रश्नावर ठरतं: कातडी ओघळली आहे, की चेहरा आतून रिकामा झाला आहे? दोन्हींमुळे माणूस थकलेला दिसतो, पण इलाज वेगवेगळे. ओघळलेलं उचलता येतं, रिकामं झालेलं भरावं लागतं. गालफडं बसलेली असताना नुसतं वर ओढलं, तर खळगे आणखी उठून दिसतात आणि चेहरा तरुण न वाटता आजारी वाटतो.

फरक घरीच बराचसा कळतो. खिडकीकडे तोंड करून बसा, समोरून आणि थोडं तिरकं वळून फोटो काढा. मग पाठीवर झोपून आरसा वर धरा. झोपल्यावर जबड्याची रेषा साफ दिसली, ओठांच्या कडेची घडी पुसट झाली, तर अडचण ओघळीची आहे. कानशिलं, डोळ्यांखालचा भाग आणि गाल झोपूनही तितकेच खोल राहिले, तर आतली चरबी कमी झाली आहे.

आता उठून बसा. कानाच्या पाळीपुढे दोन बोटं टेकवून कातडी वर आणि जराशी मागे, साधारण 1 सेंमी सरकवा. लोक इथेच चुकतात: 3-4 सेंमी ओढतात आणि ‘असंच हवं’ म्हणतात. तेवढं ओढणं या शस्त्रक्रियेत बसत नाही. हलक्या हाताने सरकवल्यावर जबड्यावरची लोंबती पिशवी गेली आणि गाल बरे दिसले, तर तुम्हाला उपयोग होण्याची शक्यता चांगली. गालाखाली खड्डा पडला, तर आधी भरावाचा विचार करा. मानेवरचे उभे पट्टे हीच मुख्य तक्रार असेल, तर मिनी फेसलिफ्ट तिथे फारशी पोचत नाही.

या शस्त्रक्रियेत कानापुढे छोटा छेद घेऊन कातडीखालचा स्मास हा स्नायू आणि तंतूंचा थर टाक्यांनी वर बांधतात. ताण त्या थराने घ्यायचा, कातडीने नाही. कातडीवर ताण आला की व्रण रुंदावतो आणि कानाची पाळी खाली खेचली जाते. बारीक चेहऱ्यात हा थर बऱ्याचदा पातळ असतो. टाका त्यातून फाटून निसटू शकतो, गाठ बोटाला लागू शकते, आणि चेहऱ्याच्या हालचाली चालवणाऱ्या मज्जातंतूवर चरबीचं आवरणही कमी असतं. म्हणून सर्जनला थेट विचारा: माझ्या चेहऱ्यात टाका कुठे धरणार? बारीक चेहऱ्याच्या रुग्णांचे, एकाच उजेडातले, वर्षभरानंतरचे फोटो दाखवाल का?

थ्रेड लिफ्ट, म्हणजे कातडीखाली धागे घालून चेहरा उचलणं, सोपी वाटते, पण पातळ कातडीखाली धागा दिसतो, कातडीला खळी पडते. उष्णतेने कातडी घट्ट करणाऱ्या मशिनांबाबतही जपून राहा. खोलवर उष्णता गेली तर उरलीसुरली चरबीही कमी होऊ शकते.

भरायचंच असेल तर पोटाची किंवा मांडीची चरबी घेता येते. तिचा काही भाग विरून जातो, आणि सडपातळ शरीरात ती मुळात मिळणंही अवघड. हायल्युरोनिक अ‍ॅसिडचा फिलर (टोचून भरायचं जेल) नको वाटला तर विरघळवता येतो. तो टोचल्यावर कातडी पांढरी पडली, जोराची कळ आली किंवा नजर अंधुक झाली, तर त्याच क्षणी डॉक्टरांना गाठा. रक्तवाहिनी बंद झाल्याची ती खूण असू शकते.

दाढा पडल्यामुळे गाल आत गेले असतील, तर आधी दात बसवा. ही गोष्ट फार जणांच्या लक्षात येत नाही. नुकतंच वजन उतरलं असेल, तर ते सुमारे 6 महिने स्थिर राहू द्या. प्रयत्नाविना उतरत असेल, तर आधी फिजिशियनकडे जा. सिगारेट, तंबाखू निदान 4 आठवडे आधी बंद हवी, नाहीतर छेदाच्या कडेची कातडी रक्ताअभावी काळी पडू शकते. रक्त पातळ करणारी गोळी मात्र स्वतःच्या मनाने थांबवू नका.

शस्त्रक्रियेनंतर पहिल्या 24 तासांत एकच बाजू फुगत, दुखत, ताणत चालली, तर आत रक्त साठत असू शकतं. सकाळची वाट न पाहता फोन करा. साध्या सुजेने मात्र बारीक चेहरा काही आठवडे छान भरलेला दिसतो. ती उतरल्यावर ‘काम फसलं’ असं वाटून लगेच दुसरं काही करून घेऊ नका. निकाल साधारण 3 महिन्यांनी, आधीच्या फोटोंशेजारी ठेवून बघा.