रानातल्या ऑर्किडचा फोटो: स्पर्धेसाठी कसा काढावा

कॅमेऱ्याची बॅग उघडण्याआधी स्पर्धेची नियमावली उघडा. निसर्ग विभागासाठी एफआयएपी, पीएसए आणि आरपीएस या छायाचित्रणाच्या तीन मोठ्या संस्थांनी २०१५ पासून एकच व्याख्या लागू केली आहे आणि बऱ्याच स्पर्धा तीच वापरतात. या व्याख्येनुसार लागवड केलेली झाडं आणि माणसाने तयार केलेले संकर बाद होतात, म्हणजे कुंडीतलं ऑर्किड कितीही देखणं असलं तरी उपयोग नाही. फोटोत काही घालणं, सरकवणं किंवा पुसणंही चालत नाही, फक्त कडा कापता येतात. थोडक्यात, फुलाच्या ओठावर (खालच्या मोठ्या पाकळीवर) आडवी आलेली गवताची काडी घरी बसून पुसता येणार नाही. तिचा बंदोबस्त रानातच करावा लागतो.

इथे बोलतोय ते थंड प्रदेशातल्या रानटी ऑर्किडांबद्दल. थंडी सोसणारी ही ऑर्किडं झाडावर नाही, जमिनीत वाढतात. अनेक जातींचा वरचा भाग वाळून जातो आणि जमिनीखालच्या गाठी हिवाळा काढतात. बहुतेकांचा तुरा खालून वर फुलत जातो. म्हणून दोन-तृतीयांश फुलं उघडली असतील आणि शेंड्याला कळ्या असतील, तेव्हाचा तुरा निवडा. सगळी फुलं उघडेपर्यंत थांबलात तर खालची तपकिरी पडलेली असतात, आणि परीक्षकाची नजर नेमकी तिथेच जाते. (माकड ऑर्किडचा तुरा मात्र उलटा, शेंड्याकडून खाली फुलतो. तिथे वरची फुलं आधी तपासा.)

तुरा सापडला की लगेच गुडघे टेकू नका. आधी आजूबाजूची जमीन न्याहाळा. ऑर्किडचं बी धुळीसारखं बारीक असतं, त्यात अन्नसाठा नसतो. योग्य बुरशीची साथ मिळाली तरच ते रुजतं, आणि फूल यायला कित्येक वर्षं जातात. न फुललेल्या रोपाची दोन-तीन पानं गवतात सहज लपतात. एकदा मी तासभर एका तुऱ्यासमोर पडून होतो. उठलो तेव्हा कोपराखाली पानांची एक सपाट चकती दिसली. फोटो बरा आला होता, पण तो मी कुठेच पाठवला नाही. तेव्हापासून आधी हाताने गवत चाचपतो आणि मगच चटई टाकतो.

आता पोटावर झोपा. उभ्याने खाली कॅमेरा रोखून काढलेल्या फोटोत फुलामागे चार बोटांवर गवत येतं आणि सगळा गिचमिडा होतो. लेन्स फुलाच्या उंचीला आणली की मागचं गवत लांब जातं आणि पार्श्वभूमी एकजीव, मऊ होते. माझ्या मते अर्धी स्पर्धा इथेच ठरते, आणि हौशी मंडळी सगळ्यात कमी वेळ इथेच देतात. फूल जरा विसरा आणि फक्त मागचं बघत कॅमेरा वीतभर डावीकडे, वीतभर उजवीकडे न्या. एखादा पांढरट ठिपका किंवा उभी काळी रेघ तेवढ्यानेच नाहीशी होते. १०० मिलिमीटरच्या आसपासची मॅक्रो (अगदी जवळून टिपणारी) लेन्स यासाठी सोयीची. तिपाई इतकी खाली येत नसेल तर धान्य भरलेल्या कापडी पिशवीवर कॅमेरा टेकवा.

आडव्या येणाऱ्या काड्या तोडू नका. वाकवून शेजारच्या गवताखाली अडकवा आणि जाताना सोडवा. त्याच गवताच्या आडोशाने तुरा चरणाऱ्या जनावरांच्या नजरेतून सुटलेला असतो.

उजेड ढगाळ असेल तर उत्तम. ऊन असेल तर फूल आणि सूर्य यांच्यामध्ये पांढरा डिफ्यूजर (उजेड मऊ करणारा पातळ पडदा) धरा. जांभळ्या-गुलाबी फुलांच्या बाबतीत एक गोम आहे. एकूण हिस्टोग्राम (कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख) ठीक दिसतो, पण लाल रंगाचा वेगळा आलेख उजव्या कडेला आदळलेला असतो. मग पाकळीवरचे ठिपके आणि शिरा गायब होऊन नुसता रंगाचा डाग उरतो. तिन्ही रंगांचे आलेख वेगवेगळे बघा, गरज पडली तर एक्स्पोजर थोडं कमी करा आणि रॉ फाइल (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) ठेवा. पुढे परीक्षक ती मागूही शकतात.

फोकस ओठावर, म्हणजे खालच्या त्या मोठ्या पाकळीवर. खरं तर ती कळीत वरच्या बाजूला असते. फूल उमलताना बहुतेक जातींत देठासारखा दिसणारा बीजकोश पीळ घेतो आणि ओठ खाली येतो. बाजूने फोटो घेतलात तर हा पीळ स्पष्ट दिसतो, आणि असे फोटो फारसे कोणी काढत नाही. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर १:१ इतक्या, म्हणजे सेन्सरवर फूल खऱ्या आकाराएवढं उमटेल इतक्या जवळून एफ/८ या छिद्राला जेमतेम १ मिलिमीटर खोली स्पष्ट येते, म्हणून थोडं मागे सरका. अख्खा तुरा घेताना सेन्सर तुऱ्याला समांतर ठेवा. फोकस स्टॅकिंग (वेगवेगळ्या फोकसचे फोटो जोडून एक करणं) करायचं असेल तर तुमच्या स्पर्धेत ते चालतं का बघा, आणि वारा असेल तर तो नाद सोडा. वाऱ्यात फट सापडते ती दोन-तीन सेकंदांची. बोट बटणावर ठेवून तिची वाट बघायची.

मधमाशी ऑर्किड भेटलं तर घाई करू नका. फूल उमललं की परागांचे दोन पिवळे पुंज बारीक धाग्यांवर पुढे लोंबू लागतात आणि झुळकीने हलून त्याच फुलाच्या कुक्षीला (पराग झेलणाऱ्या भागाला) चिकटतात. लोंबते पुंज टिपलेला फोटो नुसत्या सुंदर फुलापेक्षा भाव खाऊन जातो, कारण त्यात काहीतरी घडताना दिसतं.

घरी आल्यावर पहिलं काम म्हणजे फाइलमधली जागेची नोंद काढून टाका. ब्रिटनमध्ये लेडीज स्लिपर ऑर्किड लोकांनी खणून नेल्यामुळे संपलं असंच मानलं जात होतं. १९३० साली यॉर्कशायरमध्ये एक रोप सापडलं आणि त्याची जागा अनेक वर्षं गुप्त ठेवावी लागली. निवडताना फोटो आगपेटीएवढा करून बघा. एवढ्या आकारातही नजर ओठावर थांबली तर तो बाजूला काढा, मग पूर्ण आकारात कडा तपासा. शीर्षकात जातीचं शास्त्रीय नाव नीट लिहा. हे ऑर्किड आपसांत सर्रास संकर करतात, त्यामुळे जातीची खात्री नसेल तर फक्त प्रजातीचं नाव, म्हणजे शास्त्रीय नावातला पहिला शब्द द्या.