तंगूस, ओळंबा आणि दोन पाने (स्पॅनर): घरच्या घरी गाडीचं अलाइनमेंट कसं तपासायचं आणि जुळवायचं

पावसाळा संपला की आमच्याकडे रत्नागिरी-चिपळूण पट्ट्यात प्रत्येकाची एकच तक्रार, गाडी एका बाजूला ओढते. चार महिने पाण्याने भरलेल्या खड्ड्यांत चाकं आपटलेली असतात, त्यात गणपतीत चाकरमान्यांची ने-आण झालेली असते, मग टायरची आतली कड खाल्लेली दिसते आणि आपण धावत अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवून घ्यायला जातो. माझं एकदा असं झालं की पैसे भरून अलाइनमेंट केलं, प्रिंटवर सगळे आकडे हिरवे होते, आणि तीन महिन्यांत नव्या टायरच्या आतल्या कडेची तार बाहेर आली. नंतर कळलं की टाय रॉड एंडच (स्टेअरिंगचा दांडा, म्हणजे टाय रॉड, चाकाकडे जिथे जोडतो तो सांधा) ढिला होता, म्हणजे मशीनवर उभी असताना चाक सरळ आणि रस्त्यावर ते हवं तिकडे. तेव्हापासून मी आधी स्वतः मोजतो. हे कुणालाही जमण्यासारखं आहे, फक्त सकाळचे दोन-तीन तास आणि थोडा धीर पाहिजे.

आधी तीन शब्द समजून घ्या. गाडीच्या वरून बघितलं तर पुढची दोन चाकं पुढच्या बाजूला एकमेकांकडे झुकलेली असतील तर टो-इन, बाहेर फाकलेली असतील तर टो-आउट. समोरून बघताना चाकाचा माथा आत झुकलेला असेल तर निगेटिव्ह कॅम्बर, बाहेर असेल तर पॉझिटिव्ह. आणि चाक ज्या अक्षावर वळतं तो अक्ष बाजूने बघताना मागे किती कललाय ते कॅस्टर, त्यामुळेच वळण संपल्यावर स्टेअरिंग आपोआप सरळ येतं. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअब एकत्र असलेला खांब) असतो, त्यात कंपनीने मोकळेपणाने फिरवायला दिलेला कोन फक्त टो. कॅम्बर काही गाड्यांत स्ट्रटच्या खालच्या दोन बोल्टांच्या फटीत थोडासा हलतो, कॅस्टर तर हलतच नाही, तो चुकला असेल तर काहीतरी वाकलंय किंवा बुश (सांध्यातली रबरं) गेलेत असं समजायचं. आणि ऐंशीच्या वर स्टेअरिंग थरथरत असेल तर ते बहुतेक बॅलन्सिंगचं काम, अलाइनमेंटचं नाही, या दोन गोष्टी लोक फार मिसळतात.

टायर काय सांगतो ते हाताने बघा. तळहात टायरवरून आडवा फिरवा, आधी आतून बाहेर मग बाहेरून आत. एका दिशेला गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेला करवतीसारखं टोचत असेल तर टो बिघडलाय. एकच कड गुळगुळीत झिजली असेल तर बहुधा कॅम्बर, दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी, मधला पट्टा झिजला असेल तर हवा जास्त.

आता मोजण्याआधीचं काम, आणि माझ्या मते हेच सगळ्यात महत्त्वाचं. मागच्या चाकांना पुढून-मागून जांभ्याचे तुकडे लावा, पुढचा भाग जॅकने उचला आणि गाडी जॅक स्टँडवर ठेवा. चाकाला अडवायला चिरा चालतो पण गाडीखाली आधार म्हणून चिरा कधीही लावू नका, जांभा वजनाखाली अचानक फुटतो आणि फुटण्याआधी काही सांगत नाही. मग चाक घड्याळाच्या तीन आणि नऊच्या जागी धरून डावं-उजवं हलवा, कट्कट् जाणवलं तर टाय रॉड एंड किंवा रॅकचा (स्टेअरिंग फिरवलं की टाय रॉड डावे-उजवे ढकलणाऱ्या दात्यांच्या दांड्याचा) आतला जॉइंट. बारा आणि सहाला धरून हलवा, तिथे खेळ असेल तर बेअरिंग किंवा लोअर आर्मचा (चाकाला खालून धरणाऱ्या आडव्या हाताचा) बॉल जॉइंट. दुसऱ्या कुणालातरी चाक हलवायला लावून तुम्ही जॉइंटवर बोट ठेवा, ढिला जॉइंट बोटाला लगेच कळतो. असं काही सापडलं तर तो पार्ट आधी बदला, त्याशिवाय पुढचं सगळं मोजमाप वाया आहे.

किनाऱ्यावर राहणाऱ्यांसाठी अजून एक गोष्ट. खाऱ्या हवेने टाय रॉडचा लॉकनट (रॉड फिरू नये म्हणून एंडला आवळलेला नट) असा गंजतो की पाना सरकून नटाचे कोपरे जातात. आदल्या दिवशी संध्याकाळी तारेच्या ब्रशने आटे घासून घ्या, लाल माती आणि गंज निघू दे, मग डब्ल्यूडी-४० किंवा कुठलंही गंज सोडवणारं तेल मारा, झोपण्याआधी परत एकदा मारा. सकाळी बऱ्याचदा नट सुटतो. गॅसची ज्योत मारायचा मोह टाळा, शेजारीच बॉल जॉइंटचं रबर असतं, ते जळलं की पाणी शिरून जॉइंट एका पावसात जातो.

जागा सपाट हवी. कोबा घातलेलं अंगण किंवा फरशीची पार्किंग चालेल, शेणाने सारवलेलं खळं नको. चारही चाकांच्या जागा गवंड्याच्या पाण्याच्या नळीने लेव्हलला बघून घ्या. टायरमध्ये दाराच्या स्टिकरवर लिहिलेली हवा भरा, टायर थंड असतानाच, डिकीतले नारळ नि आंब्याचे रिकामे क्रेट काढा, गाडी मोकळी हवी. पुढच्या प्रत्येक चाकाखाली पत्र्याचे दोन तुकडे, मध्ये ग्रीस, म्हणजे चाक अडकून न राहता मोकळं बसतं. गाडी त्यावर ढकलत चढवा आणि बंपर दोन-चार वेळा दाबून सोडा, जॅकवरून नुकत्याच उतरवलेल्या गाडीचं माप कधीच खरं येत नाही. स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून फेरे मोजा, बरोबर निम्म्यावर आणा आणि दोरीने सीटला बांधून टाका.

कॅम्बर आधी, कारण कॅम्बर हलवला की टो बदलतो. गवंड्याचा ओळंबा मडगार्डला चिकटपट्टीने असा लावा की दोरा चाकाच्या मधोमध लोंबेल आणि टायरला टेकणार नाही. आमच्याकडे समुद्राचा वारा सुटला की ओळंबा डुलत राहतो, तेव्हा खालचं वजन पाण्याच्या बादलीत बुडवा, दोन मिनिटांत स्थिर होतं. मग दोऱ्यापासून रिमच्या वरच्या कडेपर्यंत आणि खालच्या कडेपर्यंत अंतर मोजा. वरचं अंतर जास्त म्हणजे निगेटिव्ह. १४ इंची रिम कडेपासून कडेपर्यंत साधारण ३८ सेंटिमीटर भरतं, त्यामुळे साडेसहा मिलिमीटर फरक म्हणजे जवळपास १ अंश. दोन्ही बाजूंत अर्ध्या अंशापेक्षा जास्त तफावत दिसली तर गाडी उलटी फिरवून त्याच जागी परत मोजा, म्हणजे जमिनीचा उतार किती आणि गाडीची चूक किती ते वेगळं होतं. तफावत गाडीचीच निघाली तर घरी जोर लावू नका, स्ट्रट किंवा आर्म वाकलेला असू शकतो, ते बघणाऱ्याकडे जा.

आता टो. दोन सरळ जीआय पाइप घ्या, गाडीच्या रुंदीपेक्षा दीडएक फूट लांब, आणि दोन्हींवर अगदी सारख्या अंतरावर हॅकसॉने दोन-दोन खाचा पाडा. एक पाइप पुढच्या बंपरसमोर, एक मागच्या बंपरमागे, चिरे रचून हबच्या (चाकाच्या मधल्या भागाच्या) उंचीला ठेवा. खाचांतून तंगूस ताणून बांधा, मासे पकडायची जाड तंगूस, साधी सुतळी झोळ देते. खाचा सारख्या असल्यामुळे दोन्ही बाजूंच्या तंगूस आपोआप समांतर राहतात. मग पाइप डावे-उजवे सरकवत डाव्या-उजव्या पुढच्या हबच्या मध्यापासून तंगुसाचं अंतर सारखं करा, मागच्या दोन हबचंही तसंच. पुढचं आणि मागचं अंतर आपसात वेगळं असेल तर काळजी नको, बऱ्याच गाड्यांची मागची चाकं थोडी आत किंवा बाहेर असतात. पाइप हलला की सगळं परत मोजावं लागतं, मुलांना आणि कोंबड्यांना तेवढा वेळ लांब ठेवा.

प्रत्येक चाकावर तंगुसापासून रिमची पुढची कड आणि मागची कड मोजा, हबच्याच उंचीवर, स्टीलच्या पट्टीने. पुढचं अंतर जास्त म्हणजे टो-इन. माझ्या गाडीवर मागच्या वेळी डाव्या चाकाला पुढे १६२ मागे १५८, म्हणजे ४ मिलिमीटर इन, आणि उजव्याला १५९ आणि १६०, म्हणजे १ आउट. एकूण ३ इन. दोन्ही चाकं उजवीकडे बघत होती, म्हणून सरळ रस्त्यावर स्टेअरिंग डावीकडे वळलेलं राहायचं. मॅन्युअलप्रमाणे मला एकूण २ हवं होतं, म्हणजे बाजूला १. तुमच्या गाडीचा आकडा तुमच्या मॅन्युअलमधूनच घ्या. मागची चाकंही मोजून ठेवा, छोट्या गाड्यांत ती जुळवता येत नाहीत पण बीम (मागची दोन्ही चाकं जोडणारा आडवा दांडा) वाकलाय का ते कळतं.

फिरवताना एका पान्याने टाय रॉड एंड धरा, दुसऱ्याने लॉकनट सैल करा. रॅकच्या रबरी बेलोची (टाय रॉडवरच्या घड्या-घड्यांच्या टोपणाची) छोटी क्लिप मोकळी करा नाहीतर रॉडबरोबर बेलो पिळतो आणि फाटतो. आता रॉडच्या चपट्या भागावर पाना लावून पाव फेरा. रॅक चाकांच्या अक्षाच्या मागे असेल तर रॉड लांब केला की टो-इन वाढतो, पुढे असेल तर उलट, त्यामुळे पहिला पाव फेरा फिरवून लगेच मोजा आणि दिशा लिहून ठेवा. बऱ्याच छोट्या गाड्यांत पाव फेऱ्याला रिमवर साधारण १ मिलिमीटर फरक पडतो. माझा रॅक मागे आहे, त्यामुळे मला डावा रॉड तीन पाव आखूड आणि उजवा दोन पाव लांब करावा लागला. एकाच बाजूचा रॉड फिरवून एकूण आकडा बरोबर आणता येतो पण मग स्टेअरिंग वाकडं राहतं. उलट एकूण टो ठीक आणि फक्त स्टेअरिंग वाकडं असेल तर एक बाजू जितकी लांब तितकीच दुसरी आखूड.

नट आवळताना एंड पान्याने धरूनच ठेवा, आवळता आवळता रॉड फिरतो आणि एवढी मेहनत जाते. क्लिप परत बसवा, बाहेर राहिलेल्या आट्यांवर ग्रीस चोपडा म्हणजे पुढच्या वर्षी नट सुटेल. स्टेअरिंगची दोरी सोडा, गाडी थोडी पुढे-मागे घेऊन पुन्हा एकदा मोजा.

ट्रायल घ्यायला घाट नको. महामार्गावर काँक्रीटचा रुंद सरळ पट्टा असेल तिथे सकाळी लवकर, गर्दी नसताना, साठच्या वेगाला हात हलके ठेवून बघा, स्टेअरिंग सोडू मात्र नका. रस्ता पाणी जायला बाजूला उतरता केलेला असतो, त्यामुळे डावीकडे अगदी किंचित ओढ चालते. जास्त ओढ असेल तर पुढचे टायर डावे-उजवे बदलून बघा, एका दिशेने फिरणारे टायर असतील तर नाही. ओढ बाजू बदलते का बघा, बदलली तर दोष टायरचा. नाही बदलली तर ब्रेक अडकतोय का ते चाक गरम लागतंय का यावरून तपासा. शे-दोनशे किलोमीटर झाले की दोन्ही लॉकनटांवर परत पाना लावून बघा, आणि आकडे तारखेसकट एका वहीत लिहून ठेवा, पुढच्या पावसानंतर ताडून बघायला.